कावळ्याचा घास मोमोनं खाल्ला

चंदीगड, २ डिसेंबर

नयना,

आशीर्वाद पाठवते आहे. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे पाकिटातच. त्याला काही खायला घालावं लागत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, नावं ठेवू नकोस. निशांतला सांगितलं, पाकिटावर सांगलीचा पत्ता तू घाल, पण आत डोकवायचं नाही. तुझा भाऊ डोकावणारही नाही. ऑफिसातले कागद वाचूनच त्याचा जीव जातो.

तुझे बाबा गेल्याचं मेघनानं तुला कळवलं. वहिनी म्हणून तिनं तिचं काम केलं. तू आली नाहीस, त्यावर मी बोलणार नाही. तू स्वतःच्या मनानं लग्न केलंस म्हणून तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळे झालेले ते. त्यांच्या नावानं तू केलीस की नाही, मला माहीत नाही. केली नसलीस तर आता थंडीत उगाच करू नकोस.

ते बत्तीस सेक्टरच्या दवाखान्यात गेले. मेघना तिथंच नर्स आहे, त्यामुळं आबाळ झाली नाही. शेवटपर्यंत तोंड चालू होतं. चहा पाणचट आहे म्हणाले, आणि गेले.

दहावा घग्गर नदीच्या काठी केला. इथले आपले मराठी गुरुजी गावी गेले होते, म्हणून निशांतनं सेक्टरच्या मंदिरातले पंडितजी आणले. त्यांना कावळ्याचं काही ठाऊक नाही. पिंड मांडून ते मोबाईल बघत बसले, आणि आम्ही लांब उभे राहून झाडाकडं बघत बसलो. बाभळीवर कावळे होते. एक खाली आला, उड्या मारत अगदी पिंडाजवळ गेला, आणि एकदम फडफडून उडाला. मग एकही येईना. निशांत हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला नीट सांभाळीन." कावळा नाही. मेघना म्हणाली, "बाबा, कैवल्यच्या शिक्षणाची काळजी करू नका." कावळा ढिम्म. तुझं नाव कुणी घेतलं नाही. मी काही बोलले नाही.

शेवटी पंडितजी कंटाळले. म्हणाले, "माताजी, कौआ नहीं तो कुत्ता सही. कुत्ते का भी हिस्सा होता है." आणि कुत्रा हजर होता. आमचा मोमो. कैवल्यनं त्याला गाडीत धरून ठेवला होता, त्याच्या हातातला पट्टा सुटला. मोमो धावत आला, दर्भासकट पिंड एका घासात खाल्ला, पान चाटलं आणि शेपूट हलवत उभा राहिला. निशांत म्हणाला, "झालं. बाबा सुटले." मला घरी जाऊन डोक्यावरनं पाणी घ्यायची घाई होती. मी म्हटलं, सुटले तर सुटले.

मोमो म्हणजे लॅब्रॅडॉर. तुझ्या भाच्याला, कैवल्यला, हवा होता. झिरकपूरचं कुणीतरी फ्लॅट सोडून परदेशी निघालं होतं, त्यांचा आणला. कुत्र्याला खाण्याचं नाव ठेवतात इथं, काय बोलायचं. तुझ्या बाबांना तो डोळ्यासमोर नको असायचा.

इथं माणसाची जात कुणी तोंडावर विचारत नाही, कुत्र्याची विचारतात. पार्कात पाय टाकला की "कौन सी ब्रीड है जी?" आता मी जतची, आमच्या माहेरी कारवान कुत्री होती. कारवान म्हणजे हाडं आणि अभिमान. परक्यानं हात लावला तर अंग चोरणार, उपाशी राहील पण दुसऱ्याच्या दारात बसणार नाही. माझ्या मते कुत्रं म्हणजे ते. लॅब्रॅडॉरला सगळं जग मामाचं घर. चोर आला तर भांडी कुठं ठेवलीत ते दाखवील. शेजारच्या सरोज भाटिया म्हणतात, "आंटीजी, लैब तां गऊ हुंदा ऐ, गऊ." गरीब गाय म्हणे. त्यांच्याकडं पांढरं पामेरियन आहे, ते दिवसभर फुटाण्यासारखं तडतडतं. समोर कर्नलचा अल्सेशियन. तो शिपाई, गेटासमोरनं वारा गेला तरी भुंकणार. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं हिमाचलातला गद्दी आहे, अस्वलाएवढा, ती जात डोंगरात बिबट्याच्या अंगावर जाते म्हणे. आणि एका घरी हस्की आहे, त्याला उन्हाळ्यात एसी लावतात. तो भुंकत नाही, नुसता गळा काढतो. तुझी आत्या आठवते.

तर मुद्द्याचं. मी तुझ्याकडं येणार आहे. निशांतनं तिकीट काढलंय. माझ्या नातीला, ज्ञानदाला, मी अजून डोळ्यांनी बघितलेली नाही, आणि आता मला अडवायला कुणी नाही. तू बोलाव नाहीतर नको, मी येऊन दारात उभी राहीन. पुढचं तुझ्या मनावर.

आई


चंदीगड, १४ डिसेंबर

नयना,

आले नाही. तू स्टेशनवर गेली नसशीलच, त्यामुळं तुझं काही बिघडलं नाही.

म्हातारीनं ऐनवेळी कच खाल्ली असं समजू नकोस. चप्पल सापडली नाही. हसू नकोस. गाडी अंबाल्याहून होती. बॅग डिकीत गेली, निशांत हॉर्न वाजवतोय, आणि दारात माझी उजवी चप्पल आहे, डावी नाही. मेघना म्हणाली, "आई, माझी घाला." तिचा पाय बाहुलीचा, माझा नांगराच्या फाळासारखा. शोधण्यात वेळ गेला, उरलेला झिरकपूरच्या जॅमनं खाल्ला. अंबाल्याला पोचलो तेव्हा फलाटावर नुसते हमाल होते.

घरी येऊन अंथरुणं झाडली, तर चप्पल तुझ्या बाबांच्या गादीखाली. उशाकडच्या बाजूला.

कैवल्य म्हणतो, "आजी, लैब है ना, चीज़ें उठाना इनके खून में है." त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातनं हिंदीच पडतं. मोबाईल काढून मला वाचून दाखवलं. शिकारीत पडलेली बदकं पाण्यातनं उचलून आणायला ही जात तयार केली, तोंड इतकं मऊ की अंडं दिलं तरी फुटणार नाही. खरं असेल. चपलेला दात लागला नव्हता. ओलीसुद्धा नव्हती. पण गादी उचलून तिच्याखाली सारायचं कुठल्या जातीच्या रक्तात असतं, ते मोबाईलमध्ये नव्हतं.

तुला आठवत असेल, मी जतला निघाले की एक चप्पल नाहीशी व्हायची. तोंडानं ते कधी नको म्हणाले नाहीत. "जा की," म्हणायचे, आणि पेपर उघडून बसायचे. तू कॉटखाली घुसून शोधायचीस. तुला तो खेळ वाटायचा.

असो. दुसरी गंमत ऐक. मोमो जेवत नाही. म्हणजे जेवतो, पण कसा? त्याचं भांडं आधी भरायचं. भरलं की तो लगेच तोंड घालत नाही. आम्ही सगळे बसेपर्यंत थांबतो, एकेकाकडं बघतो, मग पहिला घास त्याचा. त्याच्या आधी परवा कैवल्यनं पोळीचा तुकडा तोंडात टाकला तर गुरगुरला. गऊ गुरगुरली! पोरानं तुकडा तोंडातनं काढून ताटात ठेवला. आणि भाटियाबाईंनी प्रेमानं अंड्याचा पराठा आणला, शनिवार होता, तर त्यानं नाक फिरवलं आणि जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. शनिवारी अंडं न खाणारा लॅब्रॅडॉर तू ऐकलायस का?

कुत्र्यांच्या डॉक्टरकडं नेला. लॅब्रॅडॉर जेवत नाही म्हटल्यावर डॉक्टर आधी पोटभर हसला. मग कान, दात, पोट, सगळं बघितलं. "सब नॉर्मल है आंटी. थोड़ा सीरियस हो गया है, बस." 

पार्कात मात्र मजा राहिली नाही. आधी मोमो दिसला की सगळी कुत्री गोंधळ घालायची. आता आम्ही आत गेलो की गप्प होतात. पामेरियन गप्प. अल्सेशियन गेटाच्या सळ्यांमधनं बघतो आणि मागं सरकतो. काल इस्त्रीवाल्याच्या गद्दीनं कान पाडले आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेला. इस्त्रीवाला म्हणाला, "अम्मा, ये तो शेर से नहीं डरता." 

प्रत्येक जातीचा स्वभाव वेगळा, हे मी चार घरची कुत्री बघून सांगते. सगळ्यांचा एकदम एकच स्वभाव झालेला मी पहिल्यांदा बघते आहे. कुत्र्यांत म्हणते. तुझे बाबा फाटकातनं आत आले की आपल्या घरात काय व्हायचं, ते तुला सांगायला नको.

नवीन तिकीट काढायला सांगितलंय.

आई


चंदीगड, २६ डिसेंबर

नयना,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. त्यातल्या दोन थंडीबद्दल. तरी बरं, "ये" असं लिहिलंस. मी तो कागद ब्लाउजात ठेवलाय, फार फुशारू नकोस, इथं कपाटाला कुलूप नाही म्हणून.

पोरीचा फोटो बघितला. कपाळ तुझं. नाक माझं, बिचारी. उभी कशी आहे बघ, कंबरेवर हात ठेवून, जशी काही घरपट्टी वसूल करायला आली आहे. मला पसंत आहे.

फोटो जेवणाच्या टेबलावर तांब्याला टेकवून ठेवला होता. मोमो आला. कुत्रं फोटोचा वास घेतं, फोटो बघत नाही, एवढं मला कळतं. ह्यानं वास घेतला नाही. पुढचे पाय खुर्चीवर ठेवून बराच वेळ बघत राहिला. मग नाकानं ढकलून फोटो पालथा पाडला. मी उभा केला, त्यानं पुन्हा पालथा पाडला. चावला नाही, फाडला नाही. मेघनाला वाटलं खेळतोय. ती म्हणाली, "बघा आई, किती हुशार!" मी म्हटलं, "हो, फार."

तू घर सोडलंस त्या संध्याकाळी तुझ्या शाळेच्या बक्षिसाच्या फोटोचं काय झालं, ते तू बघायला नव्हतीस. तो फाडला नव्हता. वर्षानुवर्षं भिंतीकडं तोंड करून टांगलेला होता. मी आठवड्याला पुसत होते, मागची बाजू.

अक्षर जास्तच वाकडं आलं असेल. हाताला पट्टी आहे. दुधाचं पातेलं लागलं. काही विशेष नाही.

तू लिहितेस, धुक्यामुळं गाड्या रखडतात तर मीच न्यायला येते, ज्ञानदाला पण आणते, तिला चंदीगड दिसेल. येऊ नकोस. पोरीला तर अजिबात आणू नकोस. इथं आता दुपारी बारालासुद्धा समोरचं गेट दिसत नाही. बघण्यासारखं काही नाही. गुलाबाची बाग आहे, तिथं ह्या दिवसांत नुसते काटे असतात.

मी येईन. जमेल तेव्हा येईन. सारखं विचारू नकोस.

आई


चंदीगड, ५ जानेवारी

नयना,

तुझा फोन आला. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू पहिलं काय म्हणालीस? "आई, तुला यायचंच नाहीये." आणि ठेवलास. निशांत शेजारी उभा होता, मोमो माझ्या पायावर बसला होता, मी काय बोलणार? आता कागदावर सांगते. नीट बसून वाच.

हात पातेल्यानं भाजला नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी घरात कुणी नव्हतं. निशांत ऑफिसात, मेघना ड्युटीवर, कैवल्य शाळेत. मी विचार केला, तिकीट-बिकीट मरू दे, रिक्षानं त्रेचाळीस सेक्टरच्या बसस्टँडवर जावं, दिल्लीची बस धरावी, पुढचं पुढं. पिशवी भरली. चपला मी हल्ली उशाशी घेऊन झोपते, त्या घातल्या. दाराची कडी काढली आणि मोमोनं माझं मनगट तोंडात धरलं.

आधी मऊ. अंडंसुद्धा फुटलं नसतं. तसंच मला मागं मागं नेलं, खुर्चीपर्यंत, आणि मी बसेपर्यंत सोडलं नाही. मी बसले. तो दारात जाऊन आडवा झाला. मी म्हटलं, कुत्र्याला मी घाबरणार? जतची आहे मी. पुन्हा उठले, पुन्हा कडी काढली. ह्या वेळी दात होते. मनगटाच्या वर, बांगड्या मागं सारल्या की जी जागा लागते, तिथं. कुत्रं चावताना जागा निवडत नाही, नयना. सापडेल तिथं चावतं. ती जागा ज्यानं निवडली त्याला माहीत होतं की बांगड्या पुढं घेतल्या की वळ झाकतो. तुम्ही दोन्ही पोरं एका घरात वाढलात, तुम्हाला कधी दिसला?

त्यानंतर तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. काम झाल्यावर माणूस बघतं तसं.

मेघनाला मी पातेलंच सांगितलं. ती नर्स आहे, दातांचे व्रण ओळखत नसेल? पट्टी बांधली, इंजेक्शन दिलं, आणि काही विचारलं नाही. रात्री निशांतला म्हणाली असेल, कारण सकाळी तो सांगत आला, "आई, मोमोला पिंजौरला देऊया. माझ्या ऑफिसातल्याचं शेत आहे तिकडं." कैवल्यनं रडून घर डोक्यावर घेतलं. मीच नको म्हटलं. पिंजौरच्या घरात बायका नसतील का?

आता आणखी एक. घग्गरच्या काठी मी काही बोलले नाही असं तुला लिहिलं होतं. बोलले होते. कावळा खाली आला होता बघ, अगदी पिंडापाशी? तेव्हा मी मनातल्या मनात नाही, तोंडानं म्हटलं, हळू, पण म्हटलं: "चला, आता मी नयनाकडं जायला मोकळी." आणि तो उडाला. बाकीचे आपले शिक्षणाची आणि सांभाळण्याची वचनं देत बसले. त्याला कुणाचं शिक्षण हवं होतं?

आपले गुरुजी गावाहून परत आले. त्यांना घरी बोलावलं. सगळं ऐकलं, मोमोकडं लांबनंच बघितलं, आणि चहा अर्धा टाकला. म्हणाले, "आजी, इच्छा अडकली आहे. पुन्हा पिंड ठेवू. तुम्ही एवढंच म्हणा, 'मी कुठं जात नाही, इथंच राहते.' घास घेतील आणि सुटतील."

"आणि मग मी गेले तर?"

"मग जा की. अहो, पिंडापुढं खरं कोण बोलतं? मी रोज ऐकतो. दारू सोडीन म्हणतात, भावाला वाटा देईन म्हणतात. कावळा शिवतो, आणि लोक घरी जाऊन जेवतात."

हसलो आम्ही. मोमो हसला नाही, तो ऐकत होता.

एक वाक्य तर आहे. बोलायला काय जातं? येत्या अमावास्येला दुपारी करायचं ठरलंय. झालं की निघते. तू पुन्हा फोन करू नकोस, तो माझ्या पायावर बसतो.

आई


पुणे, २१ जानेवारी

नयना,

वरचं गाव वाचून चक्रावू नकोस. मी निघाले. पुण्यात माझ्या भावाच्या सौमित्रकडं उतरले आहे. सरळ सांगलीला आले असते, पण हे पत्र माझ्याआधी तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून इथं थांबले.

अमावास्येला व्हरांड्यात पिंड मांडला. धुकं इतकं की पायरीसुद्धा पुसट दिसत होती. सगळे मागं भिंतीला चिकटून उभे. मोमोला पट्टा लावायची गरज पडली नाही, गुरुजींनी पान ठेवलं तसा तो आपणहून आला आणि समोर बसला. पाठ ताठ, पुढचे पाय जुळवून. लॅब्रॅडॉर असा बसत नाही. त्याची बसायची पद्धत म्हणजे सांडलेलं पीठ.

गुरुजी म्हणाले, "म्हणा आजी."

मी तोंड उघडलं. आणि त्याची शेपूट हलली. दहाव्यानंतर पहिल्यांदा. मी काय म्हणणार ते त्याला ठाऊक होतं, कारण मी जन्मभर तेच म्हणत आले होते. खोटं म्हणायचं होतं हे कबूल. पण ती शेपूट बघितली, आणि माझ्या तोंडातनं निघालं, "मी नयनाकडं चालले आहे. खायचं तर खा, नाहीतर रहा असाच."

गुरुजी ओरडले, "अहो, काय हे!" मेघनानं तोंडावर पदर घेतला. मोमो उठला, व्हरांड्याच्या बाहेरच्या दारापाशी गेला आणि उंबऱ्यावर आडवा झाला. एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत. इतका लांब तो कधी नव्हता.

निशांत म्हणाला, "आई, आता दुसऱ्या दारानं जा." दुसऱ्या दारानंच गेले मी आयुष्यभर. आडव्या झालेल्या माणसाला ओलांडू नये, त्यातनं नवऱ्याला तर नाहीच. ह्यांचा पाय वाटेत पसरलेला असला की मी भरलेला हंडा घेऊन परसाकडनं वळसा घालायची. माझ्या सासूनं शिकवलं होतं, ओलांडलेला माणूस ओलांडणाऱ्याच्या मागं लागतो.

माझ्या चपला आत उशाशी होत्या. कैवल्यचे बूट दारात होते, ते घातले. माप बरोबर. पिशवी घेतली, लुगडं पोटऱ्यांपर्यंत खोचलं आणि ओलांडलं. पोटातनं गुरगुर निघत होती, ती मला पायांना जाणवली. पण चावला नाही. एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा घाबरलाय.

निशांतनं गाडी काढली. अंबाल्याला फलाटापर्यंत पिशवी त्यानंच उचलली. गाडी सुटताना म्हणाला, "नयनाला सांग, मी विचारलंय." आता सांगितलं.

काल कैवल्यचा फोन आला. "आजी, मोमो ठीक हो गया! आपकी गाड़ी चौक से मुड़ी और उसने पूरा पिंड खा लिया. फिर भाटिया आंटी के पराठे चुरा लिए. अंडेवाले! शनिवार को!" पार्कात पामेरियन त्याच्यावर तडतडलं, अल्सेशियननं शिव्या घातल्या, सगळं जिथल्या तिथं. पोरगा इतका खूश होता की दोन शब्द मराठी बोलला. मेघना रडत होती. गुरुजींनी म्हणे सगळीकडं सांगितलंय की त्यांनी बाबांना सोडवलं.

सुटले, हे मलाही मान्य आहे. सुटून कुठं गेले, ते कुणी विचारलं नाही.

सौमित्रच्या सोसायटीच्या फाटकावर गावठी कुत्री आहेत, पाच-सहा. गावठी कुत्र्याला ब्रीड नसतं, त्यामुळं त्याचं कुणी कौतुक करत नाही. पण एक स्वभाव त्याचा जगभर सारखा. अनोळखी माणूस पिशवी घेऊन आलं की ते भुंकणार म्हणजे भुंकणार. मी रिक्षातनं उतरले. भाडं देत होते तोवर त्यांचा कालवा चालला होता, रिक्षावर. रिक्षा गेली आणि मी वळले, तशी सगळी गप्प झाली. एकामागोमाग एक उठली आणि वॉचमनच्या खोलीमागं गेली. सौमित्र म्हणाला, "आत्या, थंडीनं गारठलीत बिचारी." असतील. आज सकाळी मी दूध आणायला गेले तेव्हाही गारठली होती. वॉचमन गेला तेव्हा नाही.

म्हणून आता सांगते तसं कर. मला शहाणपणा शिकवू नकोस.

मी रविवारी दुपारी येईन. रिक्षा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी सोडीन आणि चालत येईन. तू टीव्ही बंद कर, खिडकी उघडी ठेव आणि ऐक. तुमच्या गल्लीतली कुत्री माझ्यावर भुंकली, अंगावर धावली, लुगडं फाडलं तरी चालेल, तू धावत येऊन दार उघड. मी चहा घेईन, आणि मग तू मला काय काय बोलायचंय ते बोल. सगळं ऐकून घेईन असं नाही, पण बसून राहीन.

आणि कुत्री गप्प बसली, तर कडी लाव. मी हाका मारल्या तरी उघडू नकोस. माझ्याच आवाजात मारल्या तरी. फक्त पोरीला खिडकीत उभी कर. तेवढं बघून मी मागं फिरेन.

आई